चौथं कडवं

वहिनी,

काल तुझ्या तेराव्यानंतरचं गोड जेवण झालं. बुंदी चांगली जमली होती, असं जो तो सांगत होता. पंगती उठल्या आणि मांडवात सुभेदार तात्या उभे राहिले. छातीवर पदकं, डोक्यावर ती तिरकी टोपी. म्हणाले, "वीरपत्नीला मानवंदना म्हणून आज आपण पलटणीचं गाणं पूर्ण म्हणू. चारही कडवी. गाणं पूर्ण राहावं, ही त्यांचीच इच्छा होती."

मग सगळ्यांनी म्हटलं. पहिली तीन कडवी गावात कुणालाही येतात, डोंगर चढण्याची, नदी ओलांडण्याची आणि तोफेसमोर छाती काढण्याची. चौथ्याला आवाज चढला. नेहमीच चढतो.

रणी फिरवील पाठ त्याला लुगडं नेसवा,
हाती भरा बांगड्या, चुलीपाशी बसवा.

मी तुझ्या फोटोकडे बघत होते. फोटो खांद्यापर्यंतचाच लावलाय, हात दिसत नाहीत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण हल्ली मला बरंच काही मुद्दाम केलेलं वाटतं.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणालेत. तुझा जन्म, तुझं माहेर, तुझे सत्कार. ते दुसरं कुणीही लिहील. माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय. मी ते लिहायला बसलेय.

तू घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते. मी तुझी लहान नणंद, तरी तू मला ताई आणि तुम्ही म्हणायचीस, आणि मी तुला सरळ तू. तुला ते कधी खुपलं का, हे विचारायचं राहिलं. हे गाणं मात्र तू यायच्या आधीपासून घरात होतं. दादाने ते फौजेतून आणलेलं. कुणी रचलं त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आधीच्या शिपायांनी त्याला शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. रजेवर आला की तो द्राक्षाच्या मळ्यात वेली बांधताना ते म्हणायचा. चालायचं गाणं ते, त्यामुळे त्याचे हातही त्याच ठेक्यात चालायचे, आणि आई ओरडायची की वेल तुटेल.

चौथं कडवं तो तुझ्यासाठी राखून ठेवायचा. फौजेत लंगरला, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, कामाला घालून घालून त्याला चपात्या करता यायला लागल्या होत्या, तुझ्यापेक्षा गोल. रजेत संध्याकाळी तो तुला उठवून स्वतः चुलीपुढे बसायचा. तू पीठ मळून द्यायचीस आणि तो तवा सांभाळत गायचा, चुलीपाशी बसवा. तू तोंडाला पदर लावून हसायचीस. आई म्हणायची, काय हा बायकीपणा. पण चपात्या खायची.

मला वाटतं, तुझ्यासाठी ते गाणं तिथेच थांबलं. माझ्यासाठी नाही. मी नंतरचा तो एक दिवसही पाहिला.

दादाला तिरंग्यात गुंडाळून आणलं तेव्हा अंगणात फौजेचे जवान रांगेत उभे होते. एकाचीही पापणी हलत नव्हती. बिगुल वाजला, फैरी झडल्या, झाडावरचे कावळे उडाले. एवढी शिस्त मी जन्मात पाहिली नव्हती. आणि त्याच वेळी घरात, मागच्या मोरीपाशी, काकूने तुझा हात दगडावर धरला होता. आपल्यात बांगड्या फोडल्या म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. मी मराठी शिकवते, हा शब्द मला अजून वर्गात नीट समजावता येत नाही. डाव्या मनगटातून रक्त आलं. तू ओरडली नाहीस. बाहेर कुणीतरी "अमर रहे" म्हणत होतं आणि तू काकूला म्हणालीस, "उजव्या हाताच्या हळू."

बाहेरची पद्धत आणि आतली पद्धत. बाहेरचीचे फोटो निघाले.

त्यानंतर दर वर्षी शाळेच्या मैदानावर दादाचा स्मृतिदिन. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझी. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग पोरं कवायतीच्या गणवेशात पाय आपटत गाणं म्हणणार. तू पांढुरक्या साडीत, मोकळे हात मांडीवर घेऊन बसलेली, आणि समोर शंभरेक पोरं ओरडतायत, पळपुट्याला बांगड्या भरा. सुरुवातीची काही वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. पुढे मला नाशिकला नोकरी लागली, लग्न झालं, इंदिरानगरला घर झालं. मी वर्षातून एकदा पाहुणी म्हणून यायला लागले, आणि पाहुणी म्हणून आल्यावर ते जास्तच टोचायला लागलं.

एका वर्षी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, हे कडवं काढा. ते म्हणाले, सुभेदारांना विचारा. मी मागे लागले, तेव्हा त्यांनी शाळेच्या ऑफिसातच बैठक बोलावली. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतीस.

तात्या शांतपणे बोलले, हे मी नाकारत नाही. म्हणाले, "ताई, गाणं जुनं आहे. हे म्हणत आमच्या आधीची माणसं मेली. आज तुम्हाला त्यात अपमान दिसतो म्हणून त्यांच्या तोंडातून ते काढून घ्यायचं का?"

मी म्हटलं, "तात्या, आपल्या गावची रेश्मा आता फौजेत आहे. तिने हे कसं म्हणायचं? बांगड्या म्हणजे भित्रेपणा, असं तिने स्वतःच गायचं?"

"तिला विचारलं मी. म्हणाली, काका, ट्रेनिंगला याच्यापेक्षा वाईट ऐकलंय."

"हे उत्तर झालं का?"

तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "खरं सांगू का? बर्फात चालताना मला भीती वाटायची. रोज. मागे फिरावंसं वाटायचं. सगळे हे कडवं म्हणायला लागले की लाज वाटायची आणि पाय पुढे पडायचा. तुम्ही म्हणता ते चुकीचं असेल. पण मी त्याच्या जिवावर परत आलोय."

"म्हणजे देशासाठी नाही, बाईसारखे म्हणतील या भीतीने तुम्ही उभे राहिलात?"

त्यांचा चेहरा लाल झाला. माझं बोलणं जरा जास्त झालं होतं, पण खोटं नव्हतं. मुख्याध्यापक घाईने म्हणाले, आपण वहिनीसाहेबांनाच विचारू, त्या म्हणतील तसं.

मला खात्री होती, वहिनी. तुझी बाजू घेऊन मी भांडत होते, निदान मला तरी तसं वाटत होतं. आणि तू खाली बघत म्हणालीस, "राहू द्या कडवं."

आठवडाभराने तू डोळे दाखवायला नाशिकला माझ्याकडे आलीस. मी चहा टाकला, तुझ्यापुढे ठेवला, आणि बोलायचं नाही असं ठरवूनही बोलले. "मला तोंडावर पाडलंस तू."

"तुम्हाला मी सांगितलं होतं का भांडा म्हणून?"

"तुला लागत नाही ते ऐकताना?"

"लागतं ना. पण गाण्यानं नाय फोडल्या माझ्या बांगड्या, ताई. तुमच्या काकूनं फोडल्या. गाणं काढायला बैठक बोलावली तुम्ही. त्याच्यासाठी बोलावली का कधी कुणी?"

"मी पोरगी होते तेव्हा."

"तुम्हाला नाय म्हणत. मी आपली विचारते, कुणी बोलावली का." तू बशीत चहा ओतलास. "कडवं काढलं ना, तर त्यांना वाटंल झालं काम. टाळ्या वाजवतील. माझे हात तसेच राहतील."

मी म्हटलं, "आणि ठेवलं तर ही पोरं तेच शिकतील. बाई म्हणजे काय, हे पायाच्या तालावर डोक्यात जातं त्यांच्या."

"पोरं गाण्यातून नाय शिकत. घरात बघतात तेच शिकतात."

"गाणं घरात नाही का येत? दादानेच आणलं की."

तू म्हणालीस, "त्यांनी आणलेलं गाणं येगळं होतं." आणि तुझा आवाज असा काही झाला की मी पुढे बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. तुझ्याशी भांडताना मी दर वेळी तिथे येऊन थांबायचे, कारण तिथे दादा बसलेला असायचा.

पुढच्या वर्षी स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी तू मला वणीच्या बाजारात घेऊन गेलीस. मला वाटलं, पूजेचं काही घ्यायचं असेल. तू सरळ कासारणीपुढे जाऊन बसलीस आणि हात पुढे केलास. तिने माझ्याकडे पाहिलं. "कुणाला भरायच्या?"

"मला."

म्हातारीने तुझ्या कपाळाकडे पाहिलं. मला वाटलं आता नको म्हणणार. पण तिने तुझा हात हातात घेतला, बोटं दाबून दाबून पाहिली आणि म्हणाली, "हात कडक झालाय बाई तुझा. दुखंल." तू म्हणालीस, दुखू दे. हिरव्या काचेच्या, दोन्ही हात भरून. शेवटी तू तिला वाकून नमस्कार केलास, जसा लग्नात चुडा भरताना केला असशील.  परतीच्या गाडीत रस्ता खराब लागला की हात धरून ठेवायचीस, किणकिण होऊ नये म्हणून. मी काही विचारलं नाही. माझ्या हातात वर्षानुवर्षं फक्त घड्याळ असतं, त्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नव्हतं. माझ्या मर्जीवर होतं ते.

आणि दुसऱ्या दिवशी तू शाल घेऊन खुर्चीकडे न जाता माइककडे गेलीस. पोरांना हाताने थांबवलंस. "चौथं कडवं मी म्हणते," एवढंच बोललीस.

तुझा आवाज काही गोड नव्हता, वहिनी. आणि तू ते चालायच्या ठेक्यात म्हटलंच नाहीस. हळू म्हटलंस, चपाती भाजायच्या वेगाने. बांगड्या माइकला लागत होत्या. म्हणून झाल्यावर तू तात्यांकडे बघत म्हणालीस, "मी भरल्यात बांगड्या. चुलीपाशी तर मी रोजच बसते. आमचे हे पण बसायचे, रजेवर आले की. चपात्या करायचे. आणि ते पळाले नव्हते."

मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली, पण एकटीची टाळी कशी ऐकू येते तुला माहीत आहे. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. पुरुष एकमेकांकडे न बघता उठले. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं पसरलं की वीरपत्नीने शहिदाचा अपमान केला. चारचौघांत नवऱ्याला चुलीपाशी बसवला. आणि विधवा बाई हिरव्या बांगड्या घालून स्टेजवर चढते, तीही शाळेत, लहान पोरांसमोर. कुणाच्या तरी भावना दुखावल्या. माझ्या दुखावल्या तेव्हा मला गाण्याचा इतिहास सांगितला होता. तुझ्यामुळे दुखावल्या तेव्हा इतिहासाची गरज पडली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्याकडे निरोप आला. ऊन फार असतं, तुम्हाला त्रास होईल, घरीच आराम करा, शाल घरी पाठवू. खुर्चीवर तालुक्याहून कुणी पाहुणा बसला. कडवं राहिलं, तू निघालीस. आणि मी हे तुला फोनवर ऐकवलं तेव्हा तू हसलीस. मला ते हसणं अजून माफ करता येत नाही. तू चिडायला हवं होतंस. शाल परत पाठवायला हवी होतीस. तू ती शाल म्हशीच्या पारडीवर पांघरलीस थंडीत, आणि मला तेही गंमत म्हणून सांगितलंस.

आजार लांबला नाही. शेवटचे दिवस तू माझ्याकडेच होतीस. दुपारी बाल्कनीत तुला ऊन लागेल असं बसवायचे आणि हात धुवायचे. काळजीने, काच टिचू नये म्हणून. बांगड्या आता मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या, इतकी वाळली होतीस. मी एकदा विचारलंच, "आता तरी पटतं का, कडवं काढायला हवं होतं?"

"नाय पटत."

"का?"

"तुम्हाला चांगली गाणी पाहिजेत, ताई. मला चांगली माणसं पाहिजे होती."

"दोन्ही का नको?"

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "हे मात्र बरोबर बोलल्या तुम्ही." थोड्या वेळाने हात वर करून म्हणालीस, "मला ह्याच्यासकट न्या." मी हो म्हटलं. एवढी साधी गोष्ट होती.

तुला गावी आणलं. पाटावर घेतलं. दारात माणसं जमायला लागली होती. चुलत पुतण्या तिरडीचं सामान विचारायला आला म्हणून मी बाहेर गेले. परत येईपर्यंत तुझी आंघोळ झाली होती, पांढरी साडी नेसवली होती, आणि तुझे हात मोकळे होते.

काकू बाजूला बसली होती. तीच काकू, आता पाठीत वाकलेली. तिच्या पदरात तुझ्या बांगड्या होत्या. मला बघून म्हणाली, "फोडल्या नाय गं. साबण लावून मोकळ्या केल्या."

"काकू, तिने सांगितलं होतं."

"सांगितलं असंल. पण तशी नेली तर गाव तुझ्या भावालाच नावं ठेवील. मला काय हौस हे का? माझ्याबी अशाच वाढवल्या होत्या."

मी तिच्याशी भांडले नाही. तिच्या पदरातल्या घेतल्या आणि तुला परत घालायला लागले. बायका म्हणाल्या, राहू दे, हात ताठलेत आता. मी ऐकलं नाही. पहिली अर्ध्या पंजापर्यंत गेली आणि फुटली. तुझ्या मनगटावर काच ओढली गेली. रक्त आलं नाही. काकूने माझा हात धरला आणि मी थांबले. उरलेल्या माझ्याकडे आहेत. मला होत नाहीत.

बाहेर तात्यांनी तुला कडक सलाम केला. गावातल्या कुठल्या बाईला असा सलाम मिळाला नसेल, असं लोक म्हणाले. खरं असेल.

म्हणून काल मांडवात गाणं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते एकटे खुर्चीत बसले होते, टोपी गुडघ्यावर. मला बघून म्हणाले, "ताई, आता तरी राग सोडा. आम्ही वहिनीसाहेबांची इच्छा पाळली."

मी म्हटलं, "तात्या, तिच्या इच्छा दोन होत्या. कडवं राहू द्या, ही एक. बांगड्या राहू द्या, ही दुसरी. तुम्ही तुमच्या सोयीची पाळली."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. आत काय झालं ते. ते टोपीची कड चाचपायला लागले. "मला माहीत नव्हतं. मी बाहेर होतो."

"तुम्ही सगळेच बाहेर होता. दादाला आणलं तेव्हाही."

"आतलं बायका बघतात, ताई. त्यात आम्ही कसं बोलणार?"

"बांगड्यांवर एवढं गाता की. मग बोलायला काय झालं?"

ते वाईट नाहीत, वहिनी. मला ते वाईट असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले आणि मला त्यांची दयासुद्धा आली नाही. ते उठताना म्हणाले, "यंदा स्मृतिदिनाला तुमच्या वहिनींच्या खुर्चीवर तुम्ही बसा. मीच सांगतो सगळ्यांना. आणि कडव्याचं तुम्ही म्हणाल तसं करू." इतक्या वर्षांनी ते मला असं सहज मिळालं, आणि मला ते हातात घ्यावंसं वाटेना. तुझं बोलणं आठवलं, त्यांना वाटंल झालं काम. मी त्यांना म्हटलं, विचार करून सांगते.

विचार केला. मला अजून तुझं पटत नाही. ते कडवं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुझ्याइतकं कुणीच दाखवलं नाही. जुनं आहे म्हणून ते खरं होत नाही. आणि ते म्हणत चाललेल्या माणसांना मी वाईटही म्हणणार नाही, दादा त्यांच्यातलाच होता. पण मी सांगितलं म्हणून ते कडवं निघणार, तात्या एका वाक्यात सगळ्यांना गप्प करणार, आणि पुढच्या वेळी कुणाच्या तरी घरात मोरीपाशी साबण लागणारच. म्हणून मी तात्यांना आज कळवलंय की कडवं काढू नका. तुझं पटलं म्हणून नाही. त्यांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही, तोवर ते सगळ्यांना ऐकू येऊ दे.

मी त्या दिवशी येईन. तुझ्या खुर्चीवर बसेन. पहिली तीन कडवी ऐकेन, ती चांगली आहेत. तू चौथंही बसून ऐकायचीस, त्यांच्या डोळ्यांत बघत. ते तुला जमायचं.

मला नाही जमणार. चौथं सुरू झालं की मी पहिल्या रांगेतून, सगळ्यांसमोर, उठून जाईन.